कापसाच्या ओटीत काताकाना

तीन वर्षांपूर्वी, कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या आठवड्यात, चुडावा येथील गजानन आणि सविता या नवरा-बायकोने पुण्याला जाऊन जपानी भाषेची परीक्षा दिली. सविता पास झाली. गजानन नापास झाला. जपानला जायचे होते ते गजाननला.

यंदाचा कापूस आता फुटला आहे. पूर्णेहून चुडाव्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची वावरे ठिपक्याठिपक्यांनी पांढरी दिसतात. तुरीला पिवळा फुलोरा आहे. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले आहेत. भरलेल्या टेम्पोंमधून उडालेले. गाडीत चढणाऱ्या बायकांच्या केसांतही एखादा तंतू असतो. दरवर्षी हे सगळे असेच येते. मात्र तीन वर्षांपासून हा हंगाम आला की माझ्या डोळ्यांसमोर आधी एक तक्ता येतो, आणि कापूस त्याच्यामागून.

गजानन माझा पुतण्या. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, वारल्यावर शेती त्याच्याकडे आली. बी.ए. झाला, दोन भरत्यांना धावून आला, मग वावरात उतरला. जपानमध्ये शेतीकामाला माणसे घेतात, आधी भाषेची परीक्षा द्यावी लागते, हे त्याला परभणीच्या एका मित्राकडून कळले. बसस्थानकाजवळ चपलांच्या दुकानाच्या वर एक वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या मॅडम लातूरकडच्या होत्या. गजानन आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागला.

त्याची आई, आमच्या रुक्मिणवहिनी, यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "तिकडं जाऊन काय करणार हायस?"

"शेती."

"कशाची?"

"कांदे, कोबी. जे आसंल ते."

"इथं खुरपं धरायला तुझी कंबर दुखायलीय. जपानचं खुरपं लोण्याचं हाय का?"

सविता चुलीपाशी होती. ती हसली, पण सासूच्या लक्षात येणार नाही इतपतच. त्यांची मुलगी आरोही तेव्हा अडीच वर्षांची होती. तिने "कोबी" हा शब्द दिवसभर पाठ केला.

मी परभणीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर पूर्णेला राहतो, रविवारी चुडाव्याला वावरात चक्कर मारतो. त्या हंगामात दोन रविवार गेल्यावर मीही काताकाना ही जपानी लिपी शिकू लागलो. त्याला दुसरे काही कारण नव्हते. भिंतीवर अक्षरे दिसली की ती वाचता आली पाहिजेत, ही कामाची सवय.

जपानी लिहायला एकाहून अधिक लिप्या लागतात. हिरागाना घरच्या शब्दांना. काताकाना बाहेरून आलेल्या शब्दांना. चिनी चित्राक्षरे वेगळी. हिरागाना वळणावळणाची आहे आणि ती गजाननला लवकर जमली. काताकाना काटकोनी, तुटक, काड्या मोडून ठेवल्यासारखी. तिच्यात मोठ्या कष्टाने एकेक अक्षर जुळवत शब्द लावावा आणि तो ओळखीचाच निघावा, असे वारंवार व्हायचे. गजाननने एका संध्याकाळी पाऊण पान पार करत एक शब्द लावला: तो-रा-कु-ता. थांबून पुन्हा म्हणाला. मग म्हणाला, "ट्रॅक्टर हाय की हे."

"मंग आपलाच हाय," वहिनी म्हणाल्या. "येवढं वाकडं करून कशाला लिव्हलाय?"

या प्रश्नावर मी बराच काळ विचार केला आहे. पाहुण्या शब्दाला वेगळी लिपी द्यायची, म्हणजे तो कितीही वर्षे राहिला तरी त्याचे ताट वेगळे मांडायचे. आमच्याकडे तसे झाले नाही. माझ्या आजोबांची शाळा उर्दूतून झाली, सहीही ते उर्दूत करत. त्यांच्या तोंडचे दवाखाना, हजेरी, कुलूप, तारीख हे शब्द आम्ही देवनागरीत लिहितो आणि ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. इंग्रजी आल्यावर मोटार, स्टेशन, डॉक्टर हेही त्याच ओळीत बसले. एकाच शिरोरेषेखाली सगळे. जपानी माणूस मात्र वाचतानाच पाहतो की हा शब्द बाहेरचा. माणसाचे नावही. गजानन तिकडे गेला असता तर त्याचे नाव कायम याच लिपीत लिहिले गेले असते.

शिरोरेषेचा त्रास वेगळाच होता. गजानन अक्षरे बरोबर काढायचा आणि शब्द संपला की त्याचा हात आपोआप मागे जाऊन सगळ्यांवर एक आडवी रेघ ओढायचा. पहिलीपासून लागलेले वळण. परभणीच्या वर्गात निम्म्या मुलांचे हेच व्हायचे. मॅडम म्हणायच्या, "दोरी बांधू नका रे, अक्षरं पळून जात नाहीत." माझ्या वहीतही पहिल्या आठवड्याची सगळी पाने दोरीवर वाळत घातल्यासारखी आहेत.

काताकानाचा तक्ता ओसरीच्या आतल्या खोलीत लावलेला होता. कापसाच्या दिवसांत या खोलीत कापूस साठवतात. भाव चढेल म्हणून त्या वर्षी वहिनींनी पहिली वेचणी विकली नाही. ढीग भिंतीला टेकून वाढत गेला आणि तक्त्याच्या खालच्या दोन ओळी त्याच्यामागे गेल्या. रा-री-रु-रे-रो आणि तिच्याखालची वा ते न.

"वर टांग की तो कागद," वहिनी म्हणाल्या.

"वर पोपडे हायेत भिंतीला. चिकटत न्हाई."

"मंग राहू दे. ढीग उतरला की शीक खालचं."

तसेच ठरले. गजानन वरून खाली शिकत आला आणि कापसापाशी थांबला. सविता मात्र रोज संध्याकाळी कमरेची कापसाची ओटी रिकामी करायला ढिगापाशी जायची, कापूस हाताने मागे सारायची, आणि सारताना खालच्या ओळी तिला दिसायच्या. ती काय पाहते हे तेव्हा कोणी विचारले नाही. ती बारावी झालेली होती. लग्नाआधी नांदेडला एका खासगी दवाखान्यात दीड वर्ष आया म्हणून काम केले होते.

कार्डे तिनेच केली. लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून. एका बाजूला काताकाना, दुसरीकडे देवनागरी. वेचताना बायका कमरेला धडप्याची झोळी बांधतात, तिला ओटी म्हणतात. सविता कार्डे त्या ओटीत एका बाजूला ठेवायची. शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, गजानन. ती कार्ड वर धरायची, तो उच्चारायचा, हात चालू. दव उतरल्यावरचे ऊन, वाळलेल्या पानांचा चुरा, नखांच्या कडेला टोचणारी बोंडांची टोके, आणि वावरातून येणारे आवाज: "का." "की." "हे?" "न्हाई आठवत." "कु हाय ते."

गावच्या बाया बांधावरून जाताना थांबायच्या. "सविता, नवऱ्याला बाराखडी शिकवायलीस का गं?"

"त्येच शिकायलेत. मी नुसती धरायली."

एका दिवशी नु हे अक्षर सापडेना. ओटी झटकली, ढीग उपसला. वहिनींनी शांतपणे सांगितले की सकाळी खर्चापुरते एक गठडं शेजारच्या टेम्पोतून जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, गेले, त्यात असेल. सविताने नवे कार्ड केले. पुढे बरेच दिवस एखाद्या शब्दात नु आला की गजानन म्हणायचा, "हा जिनिंगला गेला." आजही आमच्यात त्या अक्षराला तेच नाव आहे.

गजाननला सर्वांत जास्त अडवले दोन अक्षरांनी. शि आणि त्सु. シ आणि ツ. दोन्हींत दोन बारके फटकारे आणि एक लांब. मॅडमनी समजावले, मी समजावले. शेवटी सविताने वावरात बोटाने हवेत काढून दाखवले.

"ह्याला हात खालून वर जातो. त्याला वरून खाली."

"दिसतंय तर सारखंच."

"दिसायला बघू नका. हात कुठून निगाला ते बघा."

तो म्हणाला, कागदावर हात दिसत नाही. ती म्हणाली, दिसतो. त्यावर दोघांचे थोडे वाजले. मग दोघे आपापल्या तासाला लागले आणि त्या दिवशी पुढे कार्डे निघाली नाहीत.

कार्डांमध्ये एक गड्डी नावांची होती. परीक्षेनंतर मुलाखत असते, तीत घरच्यांची नावे सांगावी लागतात, म्हणून गजाननने आई, मुलगी, बायको आणि स्वतः अशी सगळ्यांची कार्डे करून घेतली होती. सविता ती भराभर वाचायची. रुकुमिनी. आरोही. साबिता. चौथे कार्ड आले की ती ते गड्डीच्या तळाला सरकवायची. तिला ते वाचता येत नाही असे मला वाटले. मी एकदा म्हणालो, "ते राहिलं की." वहिनींनी माझ्याकडे असे पाहिले की मी वहीत मान घातली. आमच्याकडे सुना नवऱ्याचे नाव घेत नाहीत. घरात सासू असेल तर नाहीच. आरोहीचे बाबा, नाहीतर नुसते "आवं". हळदीकुंकवाला आग्रह झालाच तर उखाण्यात. हे मला माहीत होते. कार्डाला तो नियम लागू होतो हे माहीत नव्हते.

तिचाही परीक्षेचा अर्ज भरायचे मॅडमनी सुचवले. त्या एकदा चुडाव्याला आल्या होत्या, सविता वाचताना त्यांनी ऐकले. "बसू द्या. नाही झाली तर काय बिघडतंय?" गजानन लगेच तयार झाला. बरोबर जाऊ, त्याच गाडीने येऊ. त्याच्या बोलण्यात तेव्हा काही अडखळले नाही, हे नोंदवायला हवे.

परीक्षा संगणकावर असते. संपताच निकाल पडद्यावर येतो. कोणते प्रश्न चुकले ते कळत नाही. दोघांच्या खुर्च्या एकाच रांगेत, मध्ये पातळ फळी.

परतीच्या गाडीला मी पूर्णा स्टेशनवर गेलो होतो. सकाळची वेळ. फलाटावर चहावाल्याची वाफ, आणि मालडब्याजवळ उतरवलेली कापडी गठडी. गजानन आधी उतरला, मग सविता.

"काका, ही पास झाली," तो म्हणाला.

"आन् तू?"

"मी न्हाई."

सविता पिशवीची गाठ पुन्हा बांधत होती. गाठ आधीच पक्की होती. मी तिघांना चहा सांगितला.

पुढचा पंधरवडा काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. सविताला वृद्धांची सेवा करण्याचे काम मिळू शकत होते. दवाखान्यातला अनुभव होता आणि त्या कामाचीही एक परीक्षा ती देऊ शकत होती. पण कुटुंब बरोबर नेता येत नाही. जायचे तर आरोहीला सोडून, काही वर्षांसाठी. नाही जायचे तर मिळालेले प्रमाणपत्र ठराविक काळाने निरुपयोगी. गजाननला पुन्हा बसता आले असते. तो पुढच्या वेळी पास होईल आणि दोघेही इथे राहणार नाहीत, असा विचार वहिनींनी एकदा बोलून दाखवला आणि मग परत घेतला.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पिठाच्या गिरणीवर कोणी तरी म्हणाले, "गजू, बायको इमानात, तू चुलीपाशी. फोडणी द्यायला शीक." गजानन म्हणाला, "येती मला फोडणी." त्यावर हसू झाले आणि विषय संपला. भिंतीवरचा तक्ता मात्र त्याने काढला नाही.

निर्णय वावरात झाला. मी बांधावर बसलो होतो. वहिनी, सविता आणि गजानन शेजारशेजारच्या तीन तासांत वेचत होते. सविताच्या ओटीत त्या दिवशी कार्डे नव्हती. वहिनी वर न पाहता म्हणाल्या, "लेकरू मी बगते. गजू लहान असताना ह्यायनी मला टोळीत ऊस तोडायला न्हेलं, तवा गजूला माझ्या सासूनं बगितलंच की. सहा-सहा म्हैने. पर सविता, तुला जायचं हाय का? ते आदी सांग. दुसऱ्याचं नको सांगू."

सविताचा हात थांबला नाही. दोन-तीन बोंडे झाली.

"जायचंय."

वहिनींनी मान हलवली. गजानन तासाच्या टोकाला पोचला होता. तिथून वळला, येताना म्हणाला, "मंग मुलाखतीची तयारी कर. मी इचारतो, तू सांग."

त्या हंगामाचे उरलेले आठवडे तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. कार्डे आता त्याच्या खिशात. तुमचे गाव कोणते. घरी कोण कोण असते. जपानी तो तिच्यापेक्षा हळू वाचायचा, पण प्रश्न चुकवायचा नाही. एक प्रश्न मात्र तो विचारताना टाळायचा, आणि तीही आठवण करून द्यायची नाही.

कामाची परीक्षाही ती पास झाली. मुलाखत माझ्या पूर्णेच्या घरी झाली, कारण इथे नेट बरे चालते. टेबलावर फोन उभा करून ठेवला. पडद्यावर जपानमधील एका वृद्धाश्रमाच्या दोन बायका आणि एक दुभाष्या. सविता खुर्चीवर, पदर नीट. आरोहीला मागच्या खोलीत बिस्किटे दिली होती. वहिनी दाराशी जमिनीवर बसल्या. त्यांना उठून जायला कोणी सांगितले नाही. गजानन फोनमध्ये दिसणार नाही असा भिंतीला टेकून उभा.

पहिली उत्तरे पाठ होती, ती नीट गेली. म्हातारी माणसे जेवत नसतील तर काय कराल, असे विचारले. तिने सांगितले, आधी जवळ बसेन. मग पडद्यावरच्या थोरल्या बाईंनी नवऱ्याचे नाव विचारले.

सविता थांबली. गजाननने भिंतीवरून पाठ उचलली. दुभाष्याने प्रश्न पुन्हा, हळू सांगितला. सविताने टेबलावरचा कागद ओढला, पेन घेतले, लिहिले आणि कागद फोनसमोर धरला. ガジャナン. वर रेघ नव्हती.

बाईंनी ते आदराचा 'सान' जोडून मोठ्याने वाचले. "गाज्यानान-सान."

दाराशी वहिनींनी पदर तोंडाला लावला. गजानन खाली पाहत होता. दुभाष्याने विचारले, बोलायच्याऐवजी लिहिले का? सविता जपानीत म्हणाली की सासूबाई इथे बसल्या आहेत, आमच्यात सासूसमोर हे नाव घेत नाहीत. वाक्य तिने तयार केलेले नव्हते, त्यामुळे तुटक होते. पडद्यावरच्या दोघी आपापसात काही बोलल्या. दुभाष्याने ते सांगितले नाही. मुलाखत पुढे दहा मिनिटे चालली.

फोन बंद झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "नाव घेतलं असतंस तरी मी काय केलं असतं?"

"तुमाला काय, तुमी नंतर बोलला असता," सविता म्हणाली.

"ते तर बोलले असते."

निवड झाल्याचे पत्र काही आठवड्यांनी आले. त्या कागदामुळे निवड झाली की कागद असूनही, हे कळायला मार्ग नाही. मला त्याचे कुतूहल राहिले आहे. बाहेरच्यांसाठी वेगळी ठेवलेली लिपी. तिच्यात एका बाईला घरातले सर्वांत जवळचे नाव लिहिता आले, जे तिच्या भाषेत तिला तोंडाने घेता येत नव्हते. जपानी वाचकाला ते नाव परके दिसले असणार. गजाननला कसे दिसले, हे मी विचारले नाही.

ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. वावर नांगरून पडले होते. पूर्णा स्टेशनवर आरोही गजाननच्या कडेवर होती आणि तिला गाडी पाहायची होती, म्हणून ती रडली नाही. रडू तिला आठवड्यानंतर आले. तेव्हा वहिनी तिला घेऊन मारुतीच्या पारावर बसल्या.

यंदा आरोही शाळेत जाते. वेणी गजानन घालतो. सुरुवातीला भांग वाकडा असे, आता नसतो. फोन संध्याकाळी येतो, कारण तिकडे तेव्हा जेवणे उरकलेली असतात. सविता मधे एकदा येऊन गेली, दिवाळीला नाही, वैशाखात. आश्रमातल्या एका आजीबाई तिला केस विंचरायला बोलावतात, दुसऱ्या कोणाच्या हातून विंचरून घेत नाहीत, असे तिने सांगितले. आरोहीने विचारले, "तिला लेक न्हाई का?" सविता म्हणाली, आहे, लांब आहे.

यंदाही पहिला कापूस आतल्या खोलीत आहे. भिंतीला नवा रंग दिला आहे.

सविताच्या कामाची मुदत या महिन्यात वाढली. हे तिने त्या दिवशी दुपारीच फोन करून सांगितले तेव्हा गजानन वावरात होता. फोन वहिनींनी घेतला. त्याला संध्याकाळी कळले. त्याने किती वर्षे, एवढे विचारले. वहिनींनी दोन सांगितली. दुसऱ्या दिवशी दव उतरल्यावर त्याने चार बाया लावून दुसरी वेचणी सुरू केली.